जाताना अंघोळ

“डुकरांकडून आल्यावर अंघोळ करतेस ते कळलं. पण जायच्या आधी कशाला गं?” आईने फोनवर विचारलं.

जर्मनीतल्या प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. मंगळसूत्र, घड्याळ, मोबाइल सगळं बाहेर ठेवायचं, डोक्यावरून अंघोळ करायची, तिथलेच कपडे घालायचे. चष्मासुद्धा जंतुनाशकाने पुसून. फ्लूची लस आधीच टोचलेली, कारण माणसाचा फ्लू डुकरांना होतो. आजीचं सोवळं परवडलं!

या डुकरांचे अवयव पुढे माणसांत बसवता यावेत म्हणून हा खटाटोप. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं, दोन महिन्यांनी ते गेले. डुकराच्या नाकातला स्वॅब निगेटिव्ह होता, पण सायटोमेगॅलो जातीचा विषाणू आत दडी मारून बसला होता. मृत्यूला तोच एकटा जबाबदार होता असं कोणी म्हणत नाही. पण नुसत्या स्वॅबवर भागत नाही, रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनंही बघावी लागतात, हे तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

रक्त तपासायचं काम माझ्याकडे. पहिल्याच महिन्यात तीन आठवड्यांच्या पिल्लांची प्रतिपिंडं पॉझिटिव्ह आली आणि माझं धाबं दणाणलं. अख्खी वीण बाद! सीनियर बाई शांतपणे म्हणाल्या, “ती आईची असतील. थांब.” डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडं पिल्लांकडे जात नाहीत, ती चिकातून मिळतात आणि काही आठवडे रक्तात टिकतात. मग परत परत रक्त घेत, वाट बघत बसले. आकडे उतरत गेले, पीसीआरमध्येही विषाणू सापडला नाही, तेव्हा कुठे नीट झोप लागली.

एका विषाणूपुढे मात्र ही अंघोळ कामाची नाही. तो डुकराच्या जनुकांतच लिहिलेला असतो. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला बसवलेल्या मूत्रपिंडासाठी डुकराच्या जनुकांत ६९ बदल केले होते. त्यांतले ५९ याच विषाणूच्या प्रती निकामी करण्यासाठी.

सायटोमेगॅलोवरचा उपाय त्यामानाने साधा. तो बहुतेक आईच्या सहवासातून लागतो, म्हणून जन्मापासून चोवीस तासांत पिल्लं वेगळी करायची.

“मग दूध कोण पाजतं?” आईने विचारलं.

“आम्हीच. बाटलीने.”

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तू जेवलीस का?”