माहुलीच्या पायऱ्यांवर

आज बाबांना घेऊन संगम माहुलीला गेलो होतो. कृष्णा-वेण्णा मिळतात तिथल्या पायऱ्यांवर बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रामशास्त्री इथलेच ना रे?"

इथलेच. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघं १८. गादीवर काका रघुनाथराव आले आणि त्यांच्याच दरबारच्या न्यायाधीशाने त्यांना दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ते अमलात आणायला रामशास्त्र्यांच्या हाती ना फौज ना सत्ता. शब्द फिरवला नाही. पद सोडलं, पुणं सोडलं. सगळे त्या भर दरबारातल्या क्षणाबद्दल बोलतात. मला त्यानंतरचे दिवस जास्त मोठे वाटतात. अधिकार गेलेला, आणि पुढे काय होईल याची काहीच हमी नाही.

हे बोलता बोलता माझाच घसा दाटून आला. गेल्या महिन्यात मी एका कामाच्या बिलावर सही केली. मोजमाप कमी भरतंय हे दिसत होतं. समोर पेशवा नव्हता, जिवाची भीती नव्हती. साहेब फक्त "करून टाका" म्हणाले, आणि मी केली.

आज पायऱ्यांवरच बाबांना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "पैसे निघालेत का?" एवढंच विचारलं.

अजून नाही निघाले. परतताना एसटीत मोबाइलवर अर्ज लिहिलाय. उद्या सोमवार, ऑफिस उघडल्या उघडल्या देणार आहे.