मागे काहीतरी टकटकतंय

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

सापडली एकदाची, रेकॉर्डिंगमधली टकटक. नऊ दिवस डोकं खाल्लं तिनं. आत्ता झोपायला हवं, सकाळी पाच-चाळीसला पाणी येतं. पण लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून गोंधळ घालीन.

दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देते, त्याला आता दोन वर्षं झाली. यंदा वाट्याला अकरावीचं अर्थशास्त्र आलंय. 'पैसा' हा धडा वाचून पाठवला आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्यासाठी वाचते त्या मुलाचा फोन आला. "ताई, मागे काहीतरी टकटकतंय." मी म्हटलं, पंखा असेल. तो म्हणाला, "पंखा वेगळा ऐकू येतो. पंख्याला कुरकुर आहे."

मग मी हेडफोन लावून बसले. खरंच होती. वस्तुविनिमयाच्या ऐन मध्यावर टक्. तांदूळ देऊन कापड घ्यायचं, टक्, पण कापडवाल्याला तांदूळ नको असतील तर, टक्.

पहिले चार दिवस मी घरातल्या प्रत्येक वस्तूवर आळ घेतला. पंखा बंद. फ्रिजचं बटण बंद (आणि नंतर चालू करायचं विसरले, अर्धा लिटर दूध नासलं, ते वेगळं). भिंतीवरचं घड्याळ काढून बाथरूममध्ये ठेवलं. बांगड्या काढल्या. वरच्या मजल्यावरच्यांचा मुलगा गोट्या खेळतो का, तेही जिन्यात उभं राहून ऐकलं. टॅबचा टच साउंड आणि नोटिफिकेशन बंद केली, मोबाइल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. मी वाचते बेडरूममध्ये, कपाटाची दोन्ही दारं सताड उघडून, साड्यांकडे तोंड करून. साड्यांनी आवाज घुमत नाही, स्टुडिओ परवडत नाही. आईंना, म्हणजे सासूबाईंना, तो प्रकार आधीच संशयास्पद वाटतो. त्या दाराशी येऊन म्हणाल्या, "पाल असेल गं." आणि खरोखरच ट्यूबलाइटमागून पाल चुकचुकली. आईंनी लगेच "कृष्ण कृष्ण" म्हणत दारावर बोटं आपटली. सगळं रेकॉर्ड झालं. पण पालीचं चुकचुकणं आणि ती टकटक यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. पाल खोलीत आहे असं वाटत होतं. टकटक कुठेच नव्हती.

शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. दुकानदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टॅब आणलाय का? नाही? मग मी ऐकू काय?" बरोबरच होतं म्हणा. तरी अडीचशे रुपयांची नवी वायर माझ्या हातात पडलीच. उपयोग शून्य.

निकाल लागला तो काल, गुरुवारमुळे. देखभालीचे लाइट गेले, नेहमीप्रमाणे. म्हटलं, आता पंखा नाही, फ्रिज नाही, चार्जर नाही, सोसायटीचा पंप नाही. टॅब बॅटरीवर. घरात इतकी शांतता की खालून भाजीवाल्याचा तराजू ऐकू यावा. वीस मिनिटं वाचलं. टकटक होतीच! म्हणजे ती खोलीत नव्हती, विजेतही नव्हती. टॅबमध्येच तयार होत होती.

ॲपमध्ये लहरीचं चित्र दोन बोटांनी ताणत नेलं. आवाजाची लाट छान वळणं घेत चाललेली, आणि एका जागी कात्रीनं कापून दोन टोकं चुकीची जोडावीत तशी सरळ उभी रेघ. खरा आवाज असा नसतो. खोलीतला कुठलाही ठोका पुढे थोडा थरथरत विरतो, त्याला शेपूट असतं. हिला शेपूट नव्हतं. आवाजाचे सेकंदाला हजारो कण टिपले जातात, त्यांतले मधले काही गळालेले होते.

मुलाला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "ताई, दोन प्रकारची आहे. एक अगदी ठरलेल्या अंतरानं येते, दुसरी कधीही." हे मला नऊ दिवसांत कळलं नव्हतं!

'कधीही' येणारी आधी गेली. ती बफरची, म्हणजे टिपलेला आवाज फाइलमध्ये जाण्याआधी क्षणभर साठतो त्या जागेची. नळाखाली तांब्या धरून पिंप भरण्यासारखं आहे हे. तांब्या भरला की पिंपात ओतायचा आणि परत नळाखाली यायचं. ओतताना कोणी हाक मारली की तेवढं पाणी वाहून जातं. बादली असेल तर हाकेला ओ द्यायला वेळ मिळतो. माझ्या ॲपमध्ये बफर होता १२८ कणांचा, म्हणजे सेकंदाला ४८,००० कण या हिशेबानं जेमतेम पावणेतीन मिलिसेकंदांचा तांब्या. त्यात बॅटरी वाचवायचा मोड चालू, म्हणजे पाणी भरणारा माणूसही पेंगुळलेला. तो मोड बंद केला, बफर ५१२ केला, साधारण साडेदहा मिलिसेकंद. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून आलेला चालत नाही, म्हणून ते लोक बफर लहान ठेवतात. मी काय, अर्थशास्त्र वाचते.

ठरलेल्या अंतरानं येणारी मात्र चिवट होती. ती सुरू कधी झाली ते आठवलं तेव्हा उलगडली: दिवाळीत यूएसबी माइक घेतला तेव्हापासून. आधी टॅबच्या पोटातल्या माइकवर वाचायचे, आवाज पिंपातून आल्यासारखा यायचा, पण टकटक नव्हती. नवा माइक आवाजाचे सेकंदाला ४८,००० कण टिपतो. ॲपमध्ये आकडा ४४,१००, गाण्यांच्या सीडीचा. टॅब मधल्या मध्ये ४८,००० चे ४४,१०० करणारा दुभाषा, आणि दुभाष्याचा हिशेब थोडा चुकत राहायचा, दर काही सेकंदांनी एक टक्. ॲपचा आकडा ४८,००० केला, नवी फाइल उघडली, दहा मिनिटं वाचलं. काही नाही.

जुन्या फाइलमधली टकटक पुसायचा उद्योगही करून पाहिला. पुसणाऱ्या ॲपनं टकटकीबरोबर माझे ट आणि क पण खाल्ले. मराठीत त्यांच्याशिवाय कसं चालायचं? अख्खा धडा आज संध्याकाळी पुन्हा वाचला आणि पाठवला.

साडेनऊला फोन. "ताई, ती गेली. पण अजून एक बारीक आहे, तुम्ही वाक्य सुरू करायच्या आधी." ऐकलं. ती माझीच, कोरड्या तोंडात जीभ टाळूवरून सुटताना येणारी. चित्रात तिला शेपूट आहे. उद्यापासून शेजारी पाण्याचं भांडं, आणि वाचायच्या आधी चहा बंद.

पुढच्या धड्यातलं एक पान लाइट गेले होते तेव्हाचं, पालीच्या दिवसाचं एक पान, अशी जुनी तुकडा-तुकडा रेकॉर्डिंगं मी त्याला तुलनेसाठी पाठवली होती. पुसून टाक म्हटलं. बाकीची पुसली म्हणाला. पालीचं ठेवलंय. आईंच्या "कृष्ण कृष्ण"सकट.