कुळ्याचा मुक्काम आणि बोर्डिंगच्या रकान्यासाठी तीन खेपा

गोव्याहून मिरजेला परत येताना वाटेत घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्टेशनवर उतरायचं, एक रात्र जंगलाच्या कुशीत काढायची आणि दुसऱ्या दिवशी गोवा एक्सप्रेसने दूधसागर धबधब्याचा घाट चढायचा, एवढाच माझा आणि आईचा बेत होता. ही गाडी दुपारी वास्कोहून सुटते, त्यामुळे घाट उजेडात दिसतो. गोव्याकडे जाणारी मात्र तिथून रात्री जाते. घाट बघायचा तर परतीचीच गाडी धरा.

राहायची खोली एका फोनवर मिळाली. मडगाव ते कुळे पॅसेंजर आहे, तिला आरक्षण लागतच नाही. अडलं ते पुढच्या तिकिटावर.

कुळे ते मिरज वेटिंग दाखवत होतं, मडगाव ते मिरज मात्र जागा होत्या. मडगावचं तिकीट काढून मध्ये उतरावं आणि दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर पुढे जावं, तर तसं चालत नाही. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावरच मध्ये थांबता येतं, आणि तेही पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर. आपला प्रवास त्याहून बराच कमी. मग मार्ग एकच: तिकीट मडगावपासून काढायचं आणि बोर्डिंग, म्हणजे प्रत्यक्ष गाडीत चढायचं स्टेशन, कुळे ठेवायचं. थोडे पैसे जास्त जातात, पण बर्थ पक्का.

आईला कागदी तिकीट हातात हवं असतं, म्हणून खिडकीवर गेले. आरक्षणाच्या फॉर्मवर बोर्डिंगचा वेगळा रकाना असतो. त्यात मी ठळक अक्षरांत ‘कुळे’ लिहिलं होतं. रात्री घरी तिकीट पाहिलं तर बोर्डिंग मडगाव! माझा फॉर्म कुणी वाचलाच नव्हता. खिडकी सोडण्याआधी तिकिटावरचा शब्दन् शब्द वाचा, मागचे लोक कितीही ढकलू देत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत. पाऊण तासाने नंबर आला. “आता इथून बदल होत नाही, गाडी सुटते तिथे अर्ज द्या.” म्हणजे एका शब्दासाठी वास्कोला जायचं? मी नियम विचारला, तर “पुढचे या.” तिसऱ्या दिवशी हाताने अर्ज लिहून, पीएनआर घालून, तिकिटाची झेरॉक्स जोडून तिथल्याच साहेबांकडे गेले. साहेब जागेवर नाहीत. दोन तास बाकावर बसले. “राहू दे, चढू आपण कुळ्यालाच,” आई फोनवर म्हणाली. पण मडगावला आपण चढलो नाही की टीसी गैरहजर लावतो आणि बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो. साठीतल्या बाईला घेऊन ही जोखीम मी घेणार नव्हते. संध्याकाळी पुन्हा गेले तेव्हा साहेब भेटले. त्यांनी अर्ज वाचला, संगणकात बदल केला, तिकिटावर पेनाने ‘कुळे’ लिहून सही-शिक्का दिला. दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांचं काम होतं हो! तिथेच मोबाइलवर पीएनआर तपासला, मगच बाहेर पडले.

ऑनलाइन तिकीट असेल तर हा बदल घरबसल्या होतो. खिडकीचं असेल तर गाडीच्या किमान २४ तास आधी उरकून टाका. एकदा बोर्डिंग बदललं की आधीच्या स्टेशनवरून चढायचा हक्क जातो, हेही लक्षात असू द्या.

कुळ्याहून जीपने जंगलातले ओढे ओलांडत धबधब्याच्या पायथ्याशी जाता येतं. पावसाळ्यात जीप बंद असतात. रुळांवरून चालत जायला बंदी आहे, त्या फंदात पडू नका. सकाळी जीप, दुपारी गाडी असं आम्ही जमवलं.

कुळ्याला गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. त्यामुळे गाडी थांबते, सामान घेऊन घाईने चढावं लागत नाही. आमचे बर्थ रिकामे होते. टीसीने यादी पाहिली, “कुळे, दोन,” म्हणून खूण केली आणि पुढे गेला. मी आईकडे पाहिलं. पुढे दूधसागरच्या पुलावर गाडी अगदी हळू झाली, खिडकीतून तुषार आत आले. आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि न बोलता पुन्हा डोळ्यांवर चढवला.