वरकसातले हद्दीचे दगड शोधायला संगमेश्वरात

सातबाऱ्यावर नाव आहे, क्षेत्र आहे, पण जमीन नक्की कुठून कुठपर्यंत ते घरात कोणालाच धड माहीत नाही, ही कोकणातल्या निम्म्या चाकरमान्यांची गोष्ट. आमचीही तीच. म्हणून यंदा माघात मी आणि चुलतभाऊ रात्री दादरला तुतारी एक्सप्रेस पकडून सकाळी संगमेश्वर रोडला उतरलो आणि चहा-वडापाव उरकून सहा आसनी रिक्षाने थेट वाडीवर. माघच का, तर वाडीवरच्या तात्यांनी फोनवर बजावलं होतं, गवत कापून झालेलं असतं, साप-किरडू दिसतं, आणि वणवा गेलेला असेल तर दगड आपोआप उघडे पडतात.

आता ज्याला आपण जंगल म्हणतो ते खरं जंगल नाहीच. तात्यांच्या लहानपणी तिथे नाचणी-वरी व्हायची, उतारावरच्या मळ्या अजून कळतात, पायऱ्या पायऱ्यांसारख्या. माणसं मुंबईला गिरणीत गेली, वरकस, म्हणजे ही उतारावरची भरड धान्याची जमीन, पडीक राहिली आणि ऐन, किंजळ, करवंदीच्या जाळ्यांनी सगळं व्यापलं. म्हणजे दगड आधीचे आणि रान नंतरचं, त्यामुळे एखादा दगड झाडाच्या मुळीत अर्धा गिळलेला सापडला तरी नवल वाटत नाही.

भावाने मोबाईलवर महाभूनकाशा, म्हणजे सरकारचा जमिनींचा ऑनलाइन नकाशा, उघडून ठेवला होता, वर जीपीएस. पण झाडीखाली तो निळा ठिपका असा काही फिरायला लागला की आम्ही एकदा स्वतःच्या जमिनीत, एकदा शेजाऱ्याच्या, तेही एकाच जागी उभे राहून. खरं कामाला आलं ते तालुक्याच्या भूमी अभिलेखातून काढलेलं जुनं टिपण, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांचा कागद. त्यात मापं साखळी आणि आण्यात. साखळी म्हणजे ३३ फूट, तिचे १६ आणे, म्हणजे आणा दोन फुटांहून जरासा जास्त. ३३ बाय ३३ केलं की १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा, हे इतकी वर्षं प्लॉटच्या जाहिरातीत वाचूनही माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं! पहिला दगड तात्यांना पाठ होता, पाणंदीच्या कोपऱ्यावरचा, तिथून पुढे ३ साखळी ४ आणे, म्हणजे १०७ फूट आणि वर तीन इंच. नायलॉनच्या दोरीला गाठी मारून घेतल्या होत्या, तात्या कमरेच्या आकडीतला कोयता काढून पुढे वाट करतायत, मी मागून दोरी ताणतोय, भाऊ खाजकुयलीच्या शेंगांत हात घालून बसलेला आणि मग अंगभर शेण चोळून घेत शिव्या देतोय.

दोरी संपली तिथे काहीच नव्हतं, नुसता पाचोळा. मला वाटलं गेला, कोणीतरी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लावला असणार. तात्या म्हणाले, "अरे थांब, खाली बघ." पाचोळा ओढला, कोयत्याच्या टोकाने टोकरलं तर वीतभर खाली जांभ्याचा चौकोनी माथा, शेवाळ वाळून काळा झालेला, आडवा पडलेला. आता पडलेला दगड हद्दीचाच कशावरून? त्यावर तात्यांनी शेजारचा खड्डा हातभर उकरला आणि मातीतून कोळशाचे तुकडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. कोळसा कुजत नाही, म्हणून दगडाखाली पुरायचा, वरचा दगड कोणी सरकवला तरी खालची खूण जागेवर राहते. ही युक्ती तात्यांच्या आजोबांचीसुद्धा नाही, फार जुनी आहे, मनुस्मृतीत हद्दीखाली लपवायच्या वस्तूंच्या यादीत हाडं, कोंडा, राख, विटा यांच्याबरोबर कोळसाही आहे. वणव्याचा कोळसा असेल अशी शंका मी काढलीच, पण वणव्याचा एवढा खाली, एकाच ठिकाणी मूठभर कसा येईल, हे तात्यांचं म्हणणं मला तरी पटलं. सरकारी मोजणीवाला मानेल का ते वेगळं.

दगड हलवणाऱ्याला १९६६ च्या महसूल कायद्यात दंड आहे. शिलाहारांच्या काळात दान दिलेल्या जमिनीवर गधेगाळ उभा करायचे, वर चंद्र-सूर्य, खाली गाढव, आणि दान मोडेल त्याच्या आईवरून दगडात कोरलेली शिवी. अलिबागजवळ अक्षीला आहे तसला. आमच्याकडे एवढं काही नाही, जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ दिला की झालं, तो आम्ही सकाळीच दिला होता.

पुढचे दगड पटापट मिळाले, एक तर शेजाऱ्याच्या गडग्यात बसलेला, सरळ दिसत होता. शेजारी स्वतःच आला, वाद नाही काही नाही, टिपणाचा फोटो मागून घेतला, त्यालाही त्याचा वरचा कोपरा सापडत नाहीये. सापडलेल्यांना चुना फासला. हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचाच आहे, पण दगड आधी शोधून ठेवले की भूकरमापक आला त्या दिवशी धावपळ होत नाही. डोंगराकडचे दोन बाकी आहेत. दिवाळीत येतो म्हटलं तर तात्या म्हणाले दिवाळीत गवत छातीएवढं असतं, परत माघातच या, आणि ते टिपण लॅमिनेट करून आणा, घामाने आण्यांचे आकडे गेलेत.