लाल बटणाचा फोन

नंदुरबारचा एसटीडी कोड ०२५६४. मागच्या दिवाळीत भाच्याने अमेरिकेहून कपड्यांत गुंडाळून जो फोन आणला तो उलटा केला तर तळाला छापलेलं २५६४. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा मॉडेल नंबर तो, आपल्या गावाशी काही संबंध नाही, पण मला तेव्हाच वाटलं की हा आपल्याच घरी यायचा होता.

सेट चांगलाच जड. वर बटणांचा डायल आणि त्याच्याखाली सहा मोठ्या बटणांची एक ओळ, डावीकडचं पहिलं लाल, ते होल्डचं, म्हणजे कॉल न तोडता थांबवून ठेवायचं, बाकी पाच पारदर्शक आणि प्रत्येकाच्या आत एक छोटा दिवा. म्हणजे एका फोनवर पाच लाइनी. मागून निघणारी केबल मनगटासारखी जाड नाही पण बोटाएवढी तरी आहेच, आत २५ जोड्या म्हणजे ५० तारा, टोकाला ५० पिनांचा कनेक्टर. पहिल्यांदा पाहणारा घाबरतोच.

मला हे वेड कुठून लागलं ते सांगतो. आमची मिरचीची पेढी. वडिलांच्या वेळी पेढीवर एक काळा फोन आणि वरच्या मजल्यावर घरात त्यालाच पॅरलल जोडलेला दुसरा, दोन्ही बंगळूरच्या आयटीआयचे. मिरचीचा भाव विचारायला ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरमार्फत बाहेरगावचा कॉल, बुक करून वडील तासन् तास बसायचे, अर्जंटला डबल पैसे, लाइटनिंगला आठपट, आणि एकदाचा कॉल लागला की नेमका वर कोणीतरी रिसीव्हर उचलायचं. उचलला की आवाज लगेच बारीक, कारण लाइनचा करंट दोन फोनांत वाटला जातो. मग खालून वडिलांची हाक, "वर फोन ठेवा रे!" वरच्याला कळायला काही मार्गच नव्हता की खाली बोलणं चाललंय. एक दिवा असता तर कळलं असतं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, पण हे डोक्यात बसलं ते बसलंच.

गोळा करणं मात्र काळ्या सेटांपासूनच सुरू झालं. धुळ्याच्या भंगारवाल्याकडून दोन, भुसावळहून एक हँडलवाला मॅग्नेटो, जसा फाटकावरचा गेटमन स्टेशन मास्तरशी बोलायला वापरायचा तसा. हँडल फिरवलं की आतला छोटा जनरेटर समोरच्या फोनची घंटी वाजवतो, त्याला एक्सचेंज लागतच नाही, दोन तारा आणि दोन्ही टोकांना बोलण्यापुरते सेल बस्स. जुना सेट घेताना मी बाहेरची चमक बघत नाही, डायल बघतो. शून्य फिरवून सोडायचं, परत यायला साधारण एक सेकंद लागला पाहिजे कारण शून्याला दहा पल्स, म्हणजे लाइन क्षणभर तुटण्याचे ठोके, आणि सेकंदाला दहा पल्स असा हिशोब असतो, रेंगाळला तर आतलं ग्रीस वाळलंय. आणि माइक. जुन्या माइकमध्ये कार्बनचे बारीक दाणे असतात, दमट हवेत ते चिकटून बसतात आणि आवाज खरखरतो, रिसीव्हर हलक्या हाताने तळव्यावर आपटला की बहुतेक वेळा मोकळे होतात. लोक अशा वेळी माइक काढून नवीन टाकतात, मला ते अजिबात आवडत नाही, त्या माइकचा आवाजच तर त्या फोनचा आवाज आहे.

आता २५६४ कडे. आधी वाटलं लाइनच्या दोन तारा जोडल्या की झालं. पहिल्या बटणावर डायल टोन आलाही, पांढऱ्या-निळ्या जोडीवर, बोलणंही झालं. पण दिवा लागेना आणि लाल बटण दाबलं की कॉल सरळ कट. नंतर कळलं की ही करामत फोनमध्ये नाहीच, ती भिंतीवरच्या डब्यात असते. तिकडे या पद्धतीला वन-ए-टू म्हणतात, साठच्या दशकातली. प्रत्येक लाइनला तीन जोड्या लागतात, एक बोलण्याची, एक कंट्रोलची, एक दिव्याची, आणि डब्यात प्रत्येक लाइनचं एक सर्किट कार्ड. होल्ड कसं चालतं ते समजलं त्या रात्री मला झोप नाही आली खरंच. फोन ठेवताना आधी बोलण्याची जोडी तुटते मग कंट्रोलची. लाल बटण दाबलं की उलटं होतं, कंट्रोल आधी तुटतो आणि बोलण्याची जोडी क्षणभर जोडलेलीच असते. कार्ड तेवढा फरक ओळखतं आणि लाइनवर स्वतःचा रेझिस्टन्स टाकतं, एक्सचेंजला वाटतं कोणीतरी फोन धरूनच बसलंय. यात प्रोसेसर नाही, प्रोग्राम नाही, कोण आधी आणि कोण नंतर एवढ्यावर सगळं.

यंदाच्या खेपेला भाच्याने दुसरा सेट आणि तीन कार्डं आणली. त्यांचा पॉवर सप्लाय आणून उपयोग नव्हता, तिकडची वीज ११० च्या आसपासची, आपली २३०. म्हणून मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, दिव्यांना १० व्होल्ट एसी आणि कार्डांना २४ व्होल्ट डीसी. त्याने तीनदा विचारलं की हे नक्की कशाचं आहे, चौथ्यांदा स्वतःच घरी बघायला आला.

केबल सोडवायला आमच्या गल्लीतले रिटायर्ड लाइनमन नाना आले. मी रंगांचा कागद घेऊन बसलेलो आणि नानांनी चष्माही न लावता सुरू केलं, पांढरा-निळा, पांढरा-नारंगी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी, पांढरा-राखाडी, मग याच पाच रंगांबरोबर लाल, मग काळा, मग पिवळा. म्हणाले, "आमच्या जमिनीतल्या केबललाबी हेच रंग होते भाऊ." शेवटच्या जांभळ्याला फक्त थांबले, त्यांच्या केबलमध्ये वीसच जोड्यांचा गठ्ठा असायचा. ऐंशीच्या घरातल्या माणसाची बोटं क्रोनच्या टूलवर, म्हणजे तारा खाचेत दाबून बसवायच्या हत्यारावर, अशी चालत होती की मी नुसता बघत राहिलो. जोडणी चालू असताना एकदा घंटी आली आणि मला चांगलाच झटका बसला, घंटीचा करंट ७५ व्होल्ट एसीचा असतो, तेव्हापासून लाइन काढल्याशिवाय हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

सध्या पहिल्या बटणावर फायबरच्या डब्यातून आलेली घरची लाइन, दुसऱ्या-तिसऱ्यावर एका जुन्या छोट्या ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या खाजगी एक्सचेंजच्या, एक्स्टेन्शन. फायबरचा डबा गोल डायलचे पल्स ओळखत नाही, ईपीएबीएक्स ओळखतो, म्हणून काळे सेटही त्याच्यावरच टाकले आणि ते आता एकमेकांना लागतात.

एक सेट खाली हॉलमध्ये, दुसरा वर मायच्या खोलीत. मायला आता कमी ऐकू येतं, घंटी कळत नाही, पण दिवा कळतो. फोन आला की दिवा सेकंदाला एकदा उघडझाप करतो, होल्डवर टाकला की दुप्पट वेगाने मिचकतो, कोणी बोलत असलं की स्थिर. परवा शहाद्याहून मामांचा फोन आला, मी खाली उचलला, लाल बटण दाबलं आणि वर जायला निघणार तोवर जिन्यातून आवाज आला, "पहिला दिवा मिचकी ऱ्हायना रे भाऊ, कोना फोन शे?" मी ओरडून सांगितलं मामांचा. तिने बटण दाबलं, खालचा दिवा मिचकायचा थांबून स्थिर झाला आणि पुढे पाऊण तास तसाच होता. मी तेवढा वेळ रिसीव्हरला हात लावला नाही.

चौथ्या बटणाचं कार्ड अजून यायचंय.