दशकाचा गठ्ठा

पहिलीच्या कपाटातले खराट्याच्या काड्यांचे गठ्ठे आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. आता मी भावी शिक्षकांना गणिताचं अध्यापन शिकवतो, म्हणून स्मरणिकेतली ही जागा त्या काड्यांना देतो.

दशक-एकक शिकवायला चार मुलांच्या गटाला शंभरेक काड्या पुरतात. दहा मोजून रबरबँड मुलानेच लावायचा आणि लागेल तेव्हा त्यानेच काढायचा. बाजारातला दहाचा प्लास्टिकचा दांडा सुटत नाही. मुलाच्या लेखी तो एक वस्तूच राहतो. काड्यांनंतर चित्र: दशकाला उभी रेघ, सुट्याला टिंब. अंक त्याच्यानंतर. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन पातळ्या मांडल्या होत्या. वर्गात मधली पातळी घाईत गळते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी येतो. म्हणून 72 लिहिलं जातं. एकोणतीसचे 39 होतात, कारण कानावर ‘तीस’ पडतं. 19 पासून 89 पर्यंत प्रत्येक नवाला हा ‘एकोण’ आहे, आणि 99 मात्र नव्याण्णव! 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक’ (म्हणजे एकवीस) या वाचनावर केवढा गदारोळ झाला. माझ्या मते सुरुवातीचे काही आठवडे ‘वीस सात, सत्तावीस’ असं जोडीने म्हणून घ्यावं. नुसतं ‘वीस सात’ शिकलेलं मूल दुकानात अडेल.

सत्तेचाळीसचे 407 लिहिणाऱ्यांसाठी पुठ्ठ्याची अठरा कार्डं करावीत: 10, 20 असे 90 पर्यंतच्या दशकांची रुंद, 1 ते 9 ची त्यांच्या निम्म्या रुंदीची. 40 च्या शून्यावर 7 चं कार्ड ठेवलं की 47 दिसतात, आणि 7 उचलला की खालचं शून्य पुन्हा दिसतं.

सगळ्यात चिवट चूक वजाबाकीतली. 52 − 27 चं उत्तर 35 येतं. हे मूल निष्काळजी नसतं. ‘लहानातून मोठी संख्या जात नाही’ हे आपणच सांगितलेलं असतं, म्हणून ते दोनातून सात काढण्याऐवजी सातातून दोन काढतं. ते वाक्य वर्गातून हद्दपार करावं आणि विचारावं, ‘सात सुट्या देता येतील का?’ पाच गठ्ठे, दोन सुट्या. एक गठ्ठा सोडला की चार गठ्ठे, बारा सुट्या. सात दिल्या, पाच उरल्या. दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. वहीतली मांडणी काड्यांसोबतच करायची, प्रत्येक हालचालीला एक खूण. आधी सगळ्या काड्या आणि मग सगळी वही असं केलं, तर मुलाला ती दोन वेगळी कामं वाटतात.

तिसरीत 402 − 178 आलं की हुशार मुलंही शतकातून थेट एककाला उसने देतात. तिथे दहा गठ्ठ्यांची मोठी मोळी लागते. ती सोडून दहा दशकं टेबलावर मांडायची. मग त्यातलं एक सोडायचं. दशकाच्या घरात नऊ का उरतात, ते तेव्हा मोजून दाखवता येतं.