डाव्या हाताची तीन बोटं

एप्रिल-मे म्हणजे आमच्या सांगली-कोल्हापूर भागात वर्षाच्या तिखटाचे दिवस. कांडप केंद्राच्या आजूबाजूच्या दोन गल्ल्या दिवसभर शिंकत असतात आणि माझ्या दवाखान्यात हातांचे पेशंट वाढतात. त्या दिवशी दुपारी मी आवरत होते तेवढ्यात दोघी आत आल्या. एक चाळिशीची, डावा हात पदरात गुंडाळलेला. दुसरी तिच्या बचत गटाची अध्यक्ष, काखेत फाईल. बोलायला सुरुवात अध्यक्षांनीच केली.

"म्याडम, आमाला फकस्त दाखला पायजे. हिला पसरणारं काय नाही असा. नायतर हाय असा. काय ते एकदा लिहून द्या."

गट कांदा-लसूण मसाला करतो, प्रदर्शनात स्टॉल लावतो. बाकीच्या बायका हिच्या शेजारी बसायला तयार नव्हत्या. कोणीतरी 'महारोग' हा शब्द उच्चारला होता आणि तो गावभर झाला होता. घरात जावेनं कणकेच्या परातीला हात लावू देणं बंद केलं होतं. हे सगळं अध्यक्ष सांगत होत्या; जिचा हात, ती खाली बघत बसलेली.

"ताई, हात दाखवा बघू. दोन्ही."

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, या तिघांची टोकं राठ, पिवळट, जाड झालेली. अंगठ्याच्या पेरावर उभी चीर, मांसापर्यंत गेलेली, आत सुकलेलं रक्त. त्वचेवरच्या बारीक रेषा पुसून गेलेल्या. "रेशनच्या दुकानात अंगठा उठंना झालाय," ती पहिल्यांदाच बोलली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र ठणठणीत. उजवा हात जवळजवळ स्वच्छ, फक्त तर्जनीच्या कडेला एक घट्टा.

आधी ती भीती काढायला हवी होती. तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाची वात बोटांना, तळव्याला, मनगटाला अलगद लावत गेले. प्रत्येक वेळी तिनं बरोबर जागा सांगितली. चिरेजवळ तर "आई गं" म्हणून हातच मागे घेतला. कोपरामागची नस चाचपली. ती जाड नव्हती, दुखरी नव्हती. अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा नाही. कुष्ठरोगाचं एकही लक्षण नव्हतं. हे मी अध्यक्षांकडे बघून मुद्दाम मोठ्यानं सांगितलं.

एकाच हाताला त्रास असला की त्वचारोगवाल्यांना आधी बुरशीची शंका येते. गजकर्णाची बुरशी पुष्कळदा दोन्ही पावलं आणि एक हात धरते. म्हणून चप्पल काढायला लावली. टाचांना भेगा होत्या, पण बोटांच्या बेचक्या साफ. तरी सालपटं खरवडून काचेवर घेतली, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडं थांबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशीचे धागे नव्हते. म्हणजे इसबच.

पण कसलं? भांडी-धुणी करणाऱ्या बाईला इसब झालं की साबणावर खापर फोडायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. साबण, पाणी, डिटर्जंट त्वचेतली चरबी धुऊन नेतात. मग हात फुटतात, आणि ते कोणाचेही फुटू शकतात. मात्र साबण तीन बोटं निवडून त्रास देत नाही.

"काम काय करता?"

"घरकाम." हे उत्तर मला रोज मिळतं. त्यात काय काय येतं ते खोदून विचारावं लागतं. "आणि गटात?"

"लसूण सोलतो की. मीच सोलतो समदा, बाकीच्यास्नी जमत नाही भराभर."

आमच्याकडच्या बायका 'सोलतो'च म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये. मी कंपाउंडरला शेजारच्या नाष्ट्याच्या गाडीवर पिटाळलं. तो एक गड्डी घेऊन आला. "सोलू नका, नुसतं धरून दाखवा," म्हटलं आणि उजव्या हातात सुरीऐवजी पेन दिलं. तिनं पाकळी डाव्या हाताच्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात पकडली. पाकळीचं टोक बरोबर अंगठ्यावरच्या चिरेत जाऊन बसलं. पेन जिथं टेकलं तिथं घट्टा. मला काही बोलावं लागलं नाही. अध्यक्ष खुर्चीतून उठून वाकून बघायला लागल्या.

लसूण चिरला किंवा ठेचला की त्यातून गंधकाची द्रव्यं सुटतात. त्यातलं डायअलिल डायसल्फाइड हे या त्रासाचं मुख्य कारण. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एकदा का शरीरानं त्याच्याशी वाकडं धरलं की थोडासा रसही पुरतो. उजव्या हाताचे लोक पाकळी डाव्या हातात धरतात, म्हणून डावी बोटं जातात. डावखुऱ्या आचाऱ्याची उजवी गेलेली असतात.

तिनं पिशवीतून ट्यूब काढली, मेडिकलमधून मागून आणलेली. एकाच मलमात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि निओमायसिन हे प्रतिजैविक. 2018 पासून अशी स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर. लावलं की चार दिवस बरं, थांबलं की दुप्पट, असं तिचं चाललं होतं. वर लसणाचा वास जावा म्हणून रोज लिंबू चोळून भांड्याच्या पावडरीनं हात धुणं. फुटलेल्या कातडीवर लिंबू! मी कपाळाला हात लावला.

औषध साधं होतं. रात्री कोमट पाण्यात पाचेक मिनिटं हात बुडवायचे, टिपून घ्यायचे, ओलसर असतानाच तेज स्टिरॉइडचं मलम. क्रीम नको, तुपकट मलमच, कारण चिरांवर तेच टिकतं आणि कमी झोंबतं. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी पिळली की साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि ते मोठ्या माणसाच्या दोन तळहातांना पुरतं. तिला तर तीन टोकांपुरतंच हवं होतं. तेज स्टिरॉइड ठरलेले आठवडेच, मग हळूहळू कमी. त्यावर पेट्रोलियम जेली आणि झोपताना सुती हातमोजे. दिवसभरात हात धुतला की प्रत्येक वेळी पुन्हा जेली. यात आळस चालत नाही. लिंबू, जंतुनाशक पाणी, पावडर बंद.

"रबरी मोजे घालून सोलला तर?" अध्यक्षांनी व्यवहाराचं विचारलं. दुर्दैवानं हे द्रव्य बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातं. मोजे भांड्यांसाठी घाला, आत सुती अस्तर घेऊन. लसणापासून त्यांनी सुटका होत नाही.

मग दाखल्यावरून जुंपली. 'आजार संसर्गजन्य नाही' हे मी लिहिलं तेव्हा अध्यक्ष खूश. पुढच्या ओळीत 'चिरा भरून येईपर्यंत खाद्यपदार्थ हाताळू नयेत' असं लिहिताच म्हणाल्या, "म्हंजे आमचं खरंच होतं की!" अर्धं खरं होतं. उघड्या चिरांत जंतू वस्ती करतात आणि ते मसाल्यात जाऊ शकतात. पण त्यासाठी माणसाला वाळीत टाकायची गरज नसते, काम बदलून द्यायचं असतं. सोलण्याचे पैसे किलोमागे मिळतात, मग हिचे पैसे कोण भरून देणार, हा खरा प्रश्न होता आणि त्यावर माझ्याकडे मलम नव्हतं. दोघी दारात उभ्या राहून बराच वेळ त्यावरच बोलत होत्या. शेवटी वजनकाटा आणि हिशेबाची वही हिच्याकडे द्यायचं ठरलं. सातवीपर्यंत शिकलेली आहे, हे अध्यक्षांना तेव्हा कळलं.

हात शांत झाल्यावर पाठीवर पॅच टेस्ट केली, म्हणजे नेमकी कशाची ॲलर्जी आहे ते पाहायची चाचणी. छोट्या चकत्यांत एकेक द्रव्य भरून पाठीला चिकटवायचं, 48 तासांनी काढून वाचायचं, 96 तासांनी पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही. कच्चा लसूण थेट बांधून ठेवत नाहीत. त्यानं कोणाचीही कातडी भाजते आणि काहीच सिद्ध होत नाही. पेट्रोलियम जेलीतलं एक टक्का डायअलिल डायसल्फाइड वापरतात. त्या जागी लाल, खाजरा, पुरळ आलेला गोल उठला. कांद्याची जागा कोरी. आणि निओमायसिनच्या जागीही लाली! म्हणजे ज्या ट्यूबवर ती भरवसा ठेवून होती, तीही आगीत तेल ओतत होती.

"खायचा का नाही मग लसूण?" तिनं विचारलं. बहुतेकांना शिजवलेला चालतो; खाऊन हात उसळले तर थांबा आणि मला सांगा, म्हटलं. चटणीशिवाय भाकरी कशी उतरायची, ही तिची काळजी मला पटण्यासारखी होती.

पुढच्या आठवड्यात गटातल्या आणखी दोघी आल्या, लसणाची काम-बंदी लिहून घ्यायच्या तयारीनं. दोघींचेही दोन्ही हात सारखेच फुटलेले, दहाही बोटं, बोटांतल्या घट्ट अंगठ्यांखाली साबण साचलेला. लसूण त्या कधी सोलतच नव्हत्या.